सोरा, बीट आणि सहा मिनिटांची कुस्ती

नृसिंहवाडीला दोन नद्या मिळतात हे शाळेच्या सहलीला गेलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. दत्ताचं दर्शन, घाटावर पाय बुडवून बसणं, बासुंदी, कवठाची बर्फी, आणि संध्याकाळच्या आत परत. पण त्या दोन नद्या येतात कुठून, हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. पंचगंगा येते कोल्हापुरावरून, म्हणजे शाहू महाराजांनी उभ्या केलेल्या तालमींच्या अंगणातून. आणि कृष्णा येते कऱ्हाडावरून. कऱ्हाडला लागून गोळेश्वर आहे, खाशाबा जाधवांचं गाव. थोडक्यात, महाराष्ट्राच्या कुस्तीची दोन मोठी पाणलोट क्षेत्रं वाडीच्या संगमावर एकत्र येतात. माझं आजोळ इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हा योगायोग मला जरा जास्तच आवडतो.

आज कुस्ती का, तर बीटमुळे.

आमच्या ऑफिसच्या जिममध्ये गेलं वर्षभर एक नवीन प्रकार चालू आहे. वर्कआऊटच्या आधी दोन-अडीच तास लोक छोट्या बाटलीतून जांभळट लाल रस पितात. हा बीटाचा आटवलेला रस. का पितोस विचारलं की उत्तर येतं, "नायट्रेट असतं रे, पंप मस्त येतो." मागच्या सुट्टीत हे मी मामाला सांगितलं. मामा तरुणपणी तालमीत जायचा. तो म्हणाला, "आमच्या टायमाला कसलं बीट आन् कसलं काय! दूध, बदाम, तूप. आन् हजार जोर." मग पठ्ठ्याने मलाच विचारलं, "पर त्यात हाय काय नेमकं, सांग की. इंजिनेर हाईस न्हवं?"

प्रश्न रास्त होता. मग दोन-तीन वीकेंड वाचनात गेले. वाचता वाचता कळलं की खरी गोष्ट बीटाची नाहीच, नायट्रेटची आहे, आणि ती बीटाच्या बरीच आधी सुरू होते.

सुरुवात गोठ्यात होते. जुन्या वाड्याच्या भिंतीला तळाशी पांढरा लोणा फुटलेला तुम्ही पाहिला असेल. त्यात इतर क्षारांबरोबर बरेचदा सोरा असतो, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. जनावरांच्या मुतातला नत्र मातीतले जिवाणू हळूहळू नायट्रेटमध्ये बदलतात, आणि पाणी सुकलं की तो वर येतो. बिहारमध्ये नोनिया समाजाचे लोक अशी माती खरवडायचे, पाण्यात धुवायचे, ते पाणी उकळून थंड करायचे आणि सोऱ्याचे खडे काढायचे. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातल्या कंपन्या पाटण्याला ठाण मांडून बसल्या त्याचं एक मोठं कारण हा सोरा. कारण बंदुकीच्या दारूत तीन चतुर्थांश भाग सोराच असतो, बाकी कोळसा आणि गंधक. कोळशाला जळायला लागणारा ऑक्सिजन सोरा स्वतःच्या आत बांधून आणतो, म्हणून दारू बंद नळीतही पेटते.

(इथे एक सावधगिरी. "म्हणजे बीट पिऊन आपल्या स्नायूंनाही असाच ऑक्सिजन मिळतो" असं एका जिमवाल्याने मला छातीठोकपणे सांगितलं. नाही मिळत. शरीरात होतं ते वेगळंच आहे, त्यावर येतो.)

ही सगळी करामत जिवाणूंची आहे हे मात्र १८७७ पर्यंत कुणाला माहीत नव्हतं. त्या वर्षी फ्रान्समध्ये श्लेझिंग आणि म्युंट्झ यांनी ते दाखवून दिलं. त्याच सोऱ्याने युरोपात शतकानुशतकं मांस खारवत होते. त्यातही जिवाणू नायट्रेटचा नायट्राइट करतात, हे १८९१ मध्ये जर्मनीत पोलेन्स्के यांच्या लक्षात आलं. नायट्रेटमधला एक ऑक्सिजन काढला की नायट्राइट. ही पायरी लक्षात ठेवा, पुढे तीच कामाला येणार आहे.

याला समांतर दुसरा धागा हृदयरोगाचा. १८६७ मध्ये ब्रंटन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने छातीत कळ येणाऱ्या रुग्णांना अमिल नायट्राइट हुंगायला दिलं आणि कळ थांबली. १८७९ मध्ये मरेल यांनी त्याच दुखण्यावर नायट्रोग्लिसरीन वापरलं. हो, तेच, डायनामाइटमधलं! आल्फ्रेड नोबेलना म्हातारपणी हृदयाचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं, आणि दैवाच्या या थट्टेबद्दल त्यांनी मित्राला पत्रही लिहिलं. औषध लागू पडत होतं, पण का, हे पुढची शंभर वर्षं कुणालाच सांगता येत नव्हतं. आमच्याकडे असा कोड असतो. चालतोय ना, मग हात लावू नका :)

मग आला बदनामीचा काळ. १९४५ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यात कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरींचं पाणी आणि निळी पडणारी तान्ही बाळं यांचा संबंध दाखवला. पाण्यात नायट्रेट भरपूर, बाळाच्या शरीरात त्याचा नायट्राइट होतो, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्यासाठी निकामी करतो. १९५६ मध्ये मॅगी आणि बार्न्स यांनी दाखवलं की डायमिथिलनायट्रोसअमाइन हा पदार्थ खाऊ घातलेल्या उंदरांना यकृताचा कर्करोग होतो. हे नायट्रोसअमाइन नायट्राइटपासून बनू शकतात. झालं! नायट्रेट म्हणजे विष, असं समीकरण पक्कं झालं आणि जगभर मर्यादा ठरल्या. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या मानकात ती लिटरला ४५ मिलीग्रॅम आहे.

वाडीच्या आसपास राहणाऱ्याने हा भाग घाईने वाचू नये. शिरोळ तालुका म्हणजे ऊस, आणि ऊस म्हणजे पाट भरून पाणी आणि पोत्यांनी युरिया. युरियाचं नायट्रेट करणारे जिवाणू तेच, गोठ्यातले. नायट्रेट मातीच्या कणांना चिकटत नाही, पाण्याबरोबर खाली सरकतं, विहिरीत नाहीतर नदीत जातं. तालुक्यातल्या क्षारपड जमिनींबद्दल आपण खूप बोलतो, कारण पांढरा पडलेला जमिनीचा तुकडा डोळ्यांना दिसतो. नायट्रेट दिसत नाही आणि त्याला चवही लागत नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट घट्ट होतं. घरात तान्हं बाळ असेल आणि वरच्या दुधाला विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरत असतील, तर ते तपासून घेणं हे बीटाच्या बाटलीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं काम आहे. असो.

कलाटणी आली १९८० च्या दशकात. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर कसला तरी निरोप पाठवतं आणि वाहिनी सैल होते, हे अमेरिकेत फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं होतं. तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू निघाला. गाड्यांच्या धुरातला प्रदूषक म्हणून ज्याला ओळखायचे, तोच. १९९८ चं वैद्यकाचं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना याच कामासाठी मिळालं, आणि ब्रंटन-मरेल यांच्या औषधांचं कोडंही सुटलं.

पण नेहमीच्या मार्गाने हा वायू बनवायला शरीराला आर्जिनीन लागतं, एक एन्झाइम लागतं आणि ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजनच कमी पडला तर? १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये बेंजामिन आणि स्टॉकहोममध्ये लुंडबर्ग, दोघांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की जठरात हा वायू कुठल्याही एन्झाइमशिवाय तयार होतो. रस्ता असा: भाजीतलं नायट्रेट आतड्यातून रक्तात जातं, तिथून लाळग्रंथी ते ओढून घेऊन लाळेत सोडतात, जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, आपण तो गिळतो, आणि जठरातल्या आम्लात व पुढे स्नायूंमध्ये त्याचा नायट्रिक ऑक्साइड होतो. गंमत म्हणजे हा दुसरा मार्ग ऑक्सिजन कमी आणि आम्लता जास्त असली की अधिक चांगला चालतो. मुख्य सर्व्हर बसला की चालू होणारा बॅकअप!

आणि हे जिवाणू इतके अटळ आहेत की जंतुनाशक माऊथवॉशने चुळा भरल्या तर नायट्रेट खाऊनही रक्तातला नायट्राइट फारसा वाढत नाही. २००८ मध्ये हा प्रयोगही झाला. मुखशुद्धी करून बीट पिणाऱ्यांनी विचार करावा.

यानंतर खेळवाले आले. २००७ मध्ये स्टॉकहोमच्याच लार्सन आणि सहकाऱ्यांनी लोकांना तीन दिवस सोडियम नायट्रेट दिलं आणि सायकल चालवताना तेवढ्याच कामाला त्यांना कमी ऑक्सिजन पुरला. शरीरविज्ञानाच्या पुस्तकात हा आकडा जवळजवळ दगडावरची रेघ समजला जायचा, त्यामुळे बरेच जण चक्रावले. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात बेली आणि सहकाऱ्यांनी तेच बीटाच्या रसाने करून दाखवलं. रोज अर्धा लिटर, सहा दिवस. जोरदार सायकलिंग करताना दमून थांबेपर्यंतचा वेळ सरासरी ५८३ सेकंदांवरून ६७५ वर गेला. बातम्या झाल्या, बाटल्या आल्या.

पण माणसं होती फक्त आठ. आणि दमेपर्यंतचा वेळ १६ टक्के वाढणं म्हणजे शर्यत १६ टक्के लवकर संपवणं नव्हे, ठरलेल्या अंतरात फरक साधारण एक ते तीन टक्के पडतो. मुरलेल्या खेळाडूंमध्ये तो आणखी कमी होतो, कधी दिसतही नाही. बाटलीवर अर्थातच १६ छापायला सोपं जातं.

आता कुस्तीकडे. कारण वरचं सगळं संशोधन मुळात सायकलवाल्यांवर झालं, आणि कुस्ती म्हणजे सायकल नव्हे.

कुस्ती किती वेळाची असते? १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झबिस्को भिडले. दोन तास पस्तीस मिनिटं झाली तरी निकाल नाही, कारण झबिस्को बहुतेक वेळ जमिनीला चिकटून राहिला. तेच दोघं १९२८ मध्ये पटियाळ्याला पुन्हा भिडले, आणि गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चितपट केलं. आपल्या मातीतल्या निकाली कुस्तीला घड्याळच नव्हतं. रोममधलं कलोसियम पाहून आल्यावर शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधलं, ते १९१२ मध्ये पुरं झालं. तिथे कुणाची कुस्ती तासभर चालायची तर कुणाची डोळ्याचं पातं लवायच्या आत संपायची. आज मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये तीस सेकंद विश्रांती. त्या सहा मिनिटांत दहा-पंधरा वेळा अंगातला सगळा जोर एकदम काढायचा. थोडक्यात, कुस्ती लहान होत गेली आणि तीव्र होत गेली, आणि त्याबरोबर शरीराकडून होणारी मागणीही बदलली.

अशा झटक्याच्या कामात स्नायूंचे वेगवान तंतू राबतात. त्यांच्यात लवकर ऑक्सिजन कमी पडतो आणि आम्लता वाढते, म्हणजे बरोबर तीच परिस्थिती जिथे नायट्रेटचा बॅकअप मार्ग चालतो. २०१२ मध्ये स्वीडनमधल्या प्रयोगात नायट्रेट दिलेल्या उंदरांच्या वेगवान तंतूंचा जोर वाढला, संथ तंतूंचा नाही. २०१३ मध्ये एक्सेटरच्याच गटाने १४ हौशी खेळाडूंना, पुन्हा पुन्हा पळून थांबायच्या चाचणीत, बीटाचा रस दिला. अंतर ४.२ टक्के वाढलं. २०१५ च्या एका अमेरिकन प्रयोगात गुडघा झटक्यात सरळ करताना ताकद वाढलेली दिसली, सावकाश करताना नाही. चित्र जुळतं. पण प्रयोग लहान आहेत, आणि सगळ्यांचे निकाल एका दिशेचे नाहीत. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी शेकडो पूरकांच्या गर्दीतून कामगिरीवर थेट परिणामाचा बऱ्यापैकी पुरावा असलेली फक्त पाच निवडली: कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अलानाइन आणि सोडियम बायकार्बोनेट.

ही यादी वाचली आणि मला मामाचा प्रश्न आठवला. चला, पाची पदार्थ कोल्हापुरी घरात शोधू.

कॅफिन चहात. बायकार्बोनेट म्हणजे आपला खायचा सोडा (कामाला येतो त्या मात्रेत घेतला तर पोट आधी चितपट होतं, तो भाग वेगळा). क्रिएटिन मटणात, कच्च्या मटणाच्या किलोमागे चार-पाच ग्रॅम. बीटा-अलानाइन आहारातून मिळतं ते मुख्यतः मांसातून. म्हणजे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबरोबर दोन गोष्टी ताटात आल्या! उरलं नायट्रेट. गंगावेशीत म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून ग्लासात देतात, त्या दुधात ते नावापुरतं. बदामात, तुपात, खसखशीच्या थंडाईतही तसंच. पैलवानाच्या खुराकात, ज्याच्यासाठी घरचे दागिने मोडायचे आणि म्हैस बांधायची, त्यात नायट्रेट जवळजवळ नव्हतंच.

ते होतं पैलवानाच्या आईच्या आणि बहिणीच्या ताटात. भाकरीबरोबरच्या पालेभाजीत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८ मध्ये भाज्यांतल्या नायट्रेटची सरासरी काढली, त्यात माठात किलोमागे २००० मिलीग्रॅमच्या वर, बीटात १४०० च्या आसपास, पालकात हजाराच्या आसपास. टोमॅटोत पन्नासच्याही आत. कृष्णाकाठच्या वांग्याचा मला कितीही अभिमान असला तरी या यादीत वांगं खालीच आहे. प्रयोगांमध्ये वापरतात ती मात्रा ४०० ते ५०० मिलीग्रॅम, म्हणजे माठाची एक चांगली मोठी जुडी. अट एकच, उकळलेलं पाणी ओतून द्यायचं नाही, कारण नायट्रेट पाण्यात उतरतं.

"म्हणजे आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं" असं म्हणायची इथे फार इच्छा होते, आणि ते खरं नाही. माहीत असतं तर माठ पैलवानाच्या ताटात गेला असता. पालेभाजी ही गरिबाची भाजी होती, बदाम प्रतिष्ठेचा होता, आणि खुराक ठरला तो प्रतिष्ठेवर. दुधाने प्रथिनं दिली, तुपाने उष्मांक दिले, ते उत्तमच झालं. पण त्यामागे मोजमाप नव्हतं. आजचा डबाही प्रतिष्ठेवरच विकला जातो, फक्त लेबल इंग्रजी आहे. गावाकडच्या तालमीतल्या पोरांचे बाप उसाच्या बिलातून हजारो रुपये त्या डब्यांवर घालतात, तेव्हा मला बदामाची आठवण येते.

आणि मात्रेचं काय? युरोपने ठरवलेली नायट्रेटची रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या किलोमागे ३.७ मिलीग्रॅम आहे, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला साधारण २६० मिलीग्रॅम. एक बाटली ती मर्यादा ओलांडते! तरी भाज्यांमधून येणाऱ्या नायट्रेटबद्दल तज्ज्ञ फारसे घाबरलेले नाहीत, कारण त्याच पानात क जीवनसत्त्व वगैरे असतं आणि ते नायट्रोसअमाइन बनू देत नाही. खारवलेल्या मांसाबद्दल मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये स्पष्ट सांगितलं की त्याने कर्करोग होतो. म्हणून नायट्रेट भाजीतूनच घ्यावं. पावडर, रसायनाच्या दुकानातले क्षार यांच्या वाटेला जाऊच नये. नायट्रेट आणि नायट्राइट यांच्या नावात एका मात्रेचा फरक आहे, पण नायट्राइटचा क्षार थोडासा जरी पोटात गेला तरी जिवावर बेततं.

हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग खाशाबानं बीट प्यालं असतं तर सोनं आलं असतं म्हण?"

जुलै १९५२, हेलसिंकी, ५७ किलो वजनगट. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी राहिलेल्या खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. नंतर जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली लढत झाली आणि ते थोडक्यात हरले. इशीला पुढे सोनं मिळालं. असं सांगतात की त्या दमवणाऱ्या लढतीनंतर लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्हशी उभं राहायला सांगितलं गेलं. नियमाप्रमाणे मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण ते ठणकावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता. खाशाबा हरले, ब्राँझ मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

दमलेल्या स्नायूत साचलेली आम्लता उतरायला आणि श्वास जागेवर यायला अर्ध्या तासात जे होतं, त्याच्यासमोर एक-दोन टक्के काहीच नाहीत. कुठल्याही बाटलीने ती तीस मिनिटं भरून निघाली नसती. आणि हेलसिंकीला जायच्या खर्चासाठी त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. बरोबर एक अधिकारी न्यायला कुणाचं आणखी एक घर गहाण पडायला हवं होतं, हे मी मामाला म्हटलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पावसानंतर ये. परड्यात माठ टाकलाय."